भिंतीचं मीठ

आमचे डॉक्टर रोग्याची नाडी बघायच्या आधी त्याचं स्वयंपाकघर बघत. बोलावणं आलं की जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे आणि रोगी कुठल्या खोलीत आहे हे न विचारता सरळ चुलीपाशी जायचं. मग रांजणात डोकावायचं, डबे उघडायचे, चटणीच्या वाटीत बोट घालून चाखायचं. घरातल्या बायका पदर सावरून भिंतीला चिकटलेल्या, आणि मी मागे औषधाची पेटी धरून उभा. सोवळ्याओवळ्याच्या घरांत डॉक्टर बाहेर पडल्यावर चूल पुन्हा सारवली जाई. त्यांच्या वतीने हात जोडायचं काम माझं. सात वर्षं मी ते केलं. औषध देण्यापेक्षा माफी मागण्यातच माझा जास्त वेळ गेला असेल.

मी कंपौंडर होतो. नांदेडात एका व्यापाऱ्याने आईच्या नावाने धर्मादाय दवाखाना काढला होता, तिथे. निजामाच्या राज्याची ती शेवटशेवटची वर्षं. दफ्तर सगळं उर्दूत, औषधांच्या चिठ्ठ्या उर्दूत, आणि डॉक्टरांचं शिक्षणही हैदराबादला उर्दूतच झालेलं. मूळचे उदगीरकडचे लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू, असा त्यांचा जन्म गेला. शरीराचा एकूण एक अवयव त्यांना उर्दूत पाठ. मराठीत त्यांना तीनच गोष्टी नीट येत, पोट, डोकं आणि शिव्या.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्यांनी मला क्विनाईनचं मिक्श्चर पाजलं. मला ताप नव्हता. "जे दुसऱ्याला पाजायचं ते आदी आपन प्यायचं," म्हणाले. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "आता बाई म्हनली, औषध कडू हाय, तर तिच्यावर वरडू नको." तेव्हापासून दवाखान्यात आलेली प्रत्येक बाटली मी एकदा चाखलेली आहे. एरंडेलसुद्धा. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी मी घरी भोगला.

रोग्याला 'काय होतंय' असं ते कधी विचारत नसत. "काय खावं वाटतंय?" हा पहिला प्रश्न. लोक गोंधळत. पोटात दुखतंय म्हणून आलेला माणूस खाण्याचं काय सांगणार? पण ते सोडत नसत. त्यांचं म्हणणं असं, की माणूस लाजेने खोटं बोलतो, भीतीने खोटं बोलतो, सासूसमोर तर बोलतोच. जीभ मात्र बोलत नाही. एका मास्तरांची बायको अशीच दाखवायला आणली होती. पांढरीफटक. चार पावलं चालली की धाप लागे. विचारलं तर म्हणे, काही नाही हो, कामाने होतं. डॉक्टर नेहमीप्रमाणे त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि पिठाच्या डब्यातून मूठभर पाटीवरच्या पेन्सिली काढून बाहेर आले. ती बाई त्या खात होती. अंगात रक्त नसलेल्या बाईला माती, खडू असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तर तिकडे महिनाभर वर्गातल्या पोरांना पेन्सिली चोरल्याबद्दल छड्या मारत होते.

पण गावात डॉक्टरांची खरी बदनामी झाली ती कसायामुळे. गळ्यात लिंग, सोमवारचा कडक उपास, घरात कांदासुद्धा जपून; आणि दर मंगळवारी सकाळी हा माणूस मटणाच्या दुकानासमोर उभा. घ्यायचं काही नाही. बकऱ्याचा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, चरबीसकट हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, सुरीने चिरायला लावायचा आणि परत द्यायचा. दुकानदार बिचारा भला माणूस. एकदा मला म्हणाला, "कंपौंडर साब, खाते नै, पकाते नै, खाली देखते. ऐसा गिऱ्हाईक मैं जिंदगी में नै देखा." शेवटी समाजातले दोघे-चौघे जंगम स्वामींना घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि स्वामींना विचारलं, "म्या खातो का? खात न्हाई. मग बघितल्याचं कसलं पाप, सांगा." स्वामी पाणी पिऊन गेले.

एका मंगळवारी त्यांनी मलाही तिथे नेलं. गुर्द्याच्या वरच्या टोकाला, चरबीत दडलेला, अंगठ्याच्या नखाएवढा एक पिवळट तुकडा दाखवला. "ह्याला आमच्या पुस्तकात कुलाह म्हनतेत. कुलाह म्हंजे टोपी. गुर्द्याची टोपी. मान्साला बी दोन असतेत, दोन गुर्द्यांवर दोन. एवढीशी चीज हाय, पन अंगातलं मीठ हीच धरून ठिवती. ही गेली की मीठ लघवीवाटं वाहून जातं आन मानूस बसल्या जागी ढासळतो." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष माश्यांकडे होतं आणि घरी जाऊन अंघोळ करायची होती. त्यांनी सांगितलेलं मी नीट ऐकलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आता सांगायला हरकत नाही, ऐकणारेच फारसे उरले नाहीत.

माझी थोरली बहीण मुरुडला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणत असू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरी राबून राहिली. छातीत गाठ आली ती तिने दीड वर्ष चोळीखाली लपवून ठेवली. सांगायचं कुणाला? गाठीवरची कातडी ओढली जाऊन फुटायला आली तेव्हा दिराने मला पत्र घातलं आणि मी तिला नांदेडला आणलं. डॉक्टरांनी बघितलं, बाहेर येऊन मला एकच शब्द म्हणाले, "सरतान." म्हणजे कॅन्सर. तेव्हा आमच्याकडे तो शब्द फारसा कुणाला माहीत नव्हता. डॉक्टर लोकच सरतान म्हणत आणि बाकीचे 'वाईट गाठ' म्हणून गप्प बसत. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. पूर्ण छाती एका बाजूने काढली. जखम भरली, पण तो हात सुजला, मनगटापासून खांद्यापर्यंत. वर्षभराने काखेत पुन्हा बारीक गाठ लागली.

तेव्हा अक्काने कुणालाही न विचारता माहूरच्या देवीला नवस बोलला. ही गाठ जिरेपर्यंत मीठ खाणार नाही. आमच्याकडे असे नवस बायका सर्रास बोलतात. कुणी भात सोडतं, कुणी साखर. अक्काने एकदम मिठालाच हात घातला, कारण जेवणात तिला आवडणारी तेवढी एकच गोष्ट होती. माझी बायको घाबरली. मी घाबरलो नाही. मी कंपौंडर ना! मला वाटलं, छानच झालं. मिठाने सूज वाढते, हात उतरेल. अळणी भाकरी, अळणी वरण, तिचं ताट मी स्वतः बघायला लागलो. लोणच्याची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. अर्धा डॉक्टर म्हणतात तो मी.

हात थोडा उतरलाही. त्यामुळे मी आणखीच खूष. पण दोन महिन्यांत अक्का काळी पडू लागली. मूळची गोरीपान बाई. आधी चेहरा, मग हात. बायको म्हणाली, अळणी खाण्याने कांती जाते. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मी म्हटलं, गच्चीवर वाळवणं घालते, ऊन लागलं असेल. प्रत्येकाकडे कारण तयार होतं. मग ती पुन्हा पुन्हा ओकायला लागली. अंथरुणातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसे. मी तिला लोहाचं मिक्श्चर दिलं, आधी स्वतः चाखून. डॉक्टरांना काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात शिरून बायकोसमोर माझा उद्धार करावा, हे मला नको होतं. खरं कारण एवढंच होतं.

ते आले ते किल्लीसाठी. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली मी चुकून खिशात घालून घरी आलो होतो. दुपारची वेळ. मी दारात गेलो, किल्ली हातात दिली, तोवर त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर घेतला आणि उठायला गेली, तशी कलंडली. डॉक्टरांनी मला बाजूला सारलं आणि आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली.

"अक्का, हात दाखवा."

तिने सुजका हात पुढे केला. "तो न्हाई. दुसरा. पालथा न्हाई, उताना." तळहाताच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या होत्या. मी रोज तिला ताट देत होतो, पण त्या रेषा बघितल्या नव्हत्या. मग तोंड उघडायला लावून हिरड्या बघितल्या. त्यांवर काळपट डाग. जखमेचा वणही काळा पडला होता. नाडी बघितली, आणि त्यांचं लक्ष एकदम तिच्यामागच्या भिंतीकडे गेलं.

आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. अशा भिंतींना खालून ओल चढते आणि वर पांढरा खार फुटतो, पिठासारखा. सगळ्या भिंतीवर तो खार होता. फक्त अक्काच्या अंथरुणाशेजारी, बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, दोन विती जागा स्वच्छ होती. आणि ओलसर.

"कंपौंडर, हितं कुनी चाटलं?"

"बकरीनं असेल," मी म्हणालो. आमच्याकडे बकरी नव्हती.

अक्का रडायला लागली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून. "डाक्टरसाहेब, माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. मिठाशिवाय जीव तडफडून राहिलाय. सपनात मीठ येतंय. मीठ खाल्लं न्हाई म्या, देवीची आन. भित चाटली. देवीला कळलं असंल का? कळलंच असंल. म्हनूनच ही काया अशी करून टाकली तिनं."

म्हणजे कित्येक दिवस ही बाई भिंत चाटत होती आणि आपण देवीला फसवतोय म्हणून रोज मरत होती. आणि लोणचं माळ्यावर चढवणारा मी, तिचा भाऊ. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आजही वाटतं.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी मला अंगणात नेलं आणि हलक्या आवाजात, पहिल्यांदाच इतक्या हलक्या आवाजात, समजावून सांगितलं. "सरतान एका जागी बसत न्हाई. रगतातून वाहत जातो आन जागा सापडंल तिथं बसतो. टोप्या दाखवल्या होत्या तुला, याद हाय? त्यांच्यात रगत लई. म्हनून तिथं बसायला त्याला आवडतं. एकाच टोपीत बसला तर पत्ता बी लागत न्हाई, दुसरी सांभाळून घेती. दोनी भरल्या की मग हे असं. पोट फाडल्याबिगर शपथंवर सांगू शकत न्हाई म्या. पन तुझ्या भितीनं सांगितलं मला."

"म्हणजे आता गुर्द्याचा सरतान झाला?" मी विचारलं.

"न्हाई रे. छातीचाच हाय तो. मुरुडचा मानूस नांदेडला ऱ्हायला आला तर तो नांदेडचा होतो का? मुरुडचाच ऱ्हातो."

मी विचारलं, बरी होईल का. हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कुणालाही 'बरं होईल' असं ते आयुष्यात म्हणाले नव्हते. फार तर 'बघू' म्हणत. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. म्हणाले, "सरतानावर इलाज न्हाई. मिठावर हाय. आज मीठ पोटात गेलं तर दोन-चार म्हैने बसंल, बोलंल, हसंल. न्हाई गेलं तर आठ दिवस. लढाईमुळं विलायती इंजेक्शन मिळायची मारामार, तरी हैदराबादेला लिहितो. तवर मीठ. खाण्यात, पाण्यात, जितकं जाईल तितकं."

आम्ही आत गेलो. बायकोने पेल्यात मिठाचं पाणी केलं. अक्काने पेल्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. तान्हं मूल दुधाकडे बघतं तशी. पण तिने ओठ मिटून मान फिरवली.

"गाठ जिरली न्हाई अजून. देवीला शबूद दिलाय."

मी समजावलं, बायकोने समजावलं. मी चिडलो, हात जोडले, बापाची शपथ घातली. तिचं एकच. आधीच भिंत चाटून पाप केलं, आता शब्द मोडून मरायचं नाही. मला वाटलं आता डॉक्टर देवीवर घसरणार. देवधर्मावर ते काहीही बोलत, आणि सोमवारचा उपास मात्र पाळत. ह्याचा मेळ मला कधी लागला नाही. पण ते तिच्यासमोर बसले आणि गंभीरपणे, एखाद्या वकिलासारखं, विचारपूस करू लागले.

"अक्का, तुमच्याकडं नवस दुसऱ्याला घेता येतो का?"

अक्काने विचार केला. "येतो. माज्या सासूनं जावंचा घेतला होता, ती बाळंतीन होती म्हनून. पन घेनाऱ्यानं आपनहून घ्यायचा. जबरदस्तीचा देवी घेत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. आता काय सांगू! लगेच हो म्हणालो खरा. पण पोटात पहिला विचार आला तो आमटीचा. बहीण मरते आहे आणि मला आमटी आठवली. माणूस असाच असतो की मीच असा आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

देव्हाऱ्यातल्या देवीच्या टाकापुढे मिठाचा खडा ठेवला. मी हात जोडून म्हटलं, अक्काचा नवस मी आपणहून घेतो, गाठ जिरेपर्यंत मीठ खाणार नाही. अक्काने मला दोनदा म्हणायला लावलं. मग तिने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि थांबत थांबत सगळा प्यायली. पेला खाली ठेवून जिभेने ओठ पुसले. डॉक्टर उठले, आणि जाता जाता माळ्यावरची लोणच्याची बरणी स्वतः खाली काढून तिच्या अंथरुणाशी ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी अक्का स्वतः उठून अंगणात गेली. ओकारी थांबली. आठवड्याने चुलीपाशी बसून बायकोला शेंगदाण्याची चटणी कशी करायची ते शिकवायला लागली, जणू बायको कालच सासरी आली होती. काळी होतीच, गाठही होती. पण घरात तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. डॉक्टर एक दिवसाआड येत, स्वयंपाकघरात शिरत, तिच्या ताटाकडे नुसतं बघत आणि "कमी हाय, घाला" म्हणत. ती हसे. "डाक्टरसाहेब, आता खारा मासा करता का माझा?"

आणि माझं? नऊ दिवस पाळलं. दहाव्या दिवशी हैदराबादहून इंजेक्शनची पेटी येणार म्हणून मी मुदखेडला गेलो. गाडी साडेचार तास उशिरा. पोटात सकाळची अळणी भाकरी. फलाटाच्या टोकाला एक जण कढईत भजी सोडत होता. मी दोनदा समोरून गेलो, तिसऱ्यांदा थांबलो. बस्स, एवढंच. वर मिरची मीठ लावून खाल्ली. गाडी आली, पेटी आलीच नव्हती. त्या दिवसापासून माझं सोंग सुरू झालं. घरी अक्कासमोर अळणी जेवायचं, आणि दवाखान्यात जाताना वाटेत चिवडा. अक्का माझ्या ताटाकडे बघून डोळे पुसे. "माझ्यापायी तुझ्या जिभेची चव गेली रे भाऊ," म्हणे. मी मान खाली घालून जेवत असे. तिला वाटे, मी त्रास सोसतोय.

तीन महिने आणि वर काही दिवस ती जगली. मग साधा ताप आला, सर्दीचा, घरात सगळ्यांनाच आला होता तसला. आमचा चार दिवसांत उतरला. तिला तो झेपला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटी शुद्धीवर होती. बायकोला म्हणाली, "भाऊला आज आमटीत मीठ घालू नको, तो पाळून राहिलाय."

ते वाक्य घेऊन मी तेरा दिवस काढले. अस्थी गोदावरीत सोडल्या, पिंडाला कावळा शिवला, सगळं रीतीने झालं. पण माझ्या डोक्यात एकच. नवस मी मोडला म्हणून ती गेली. मी शिकलेला माणूस, बाटल्यांची नावं वाचणारा. मला सरतान समजावून सांगितलेला, टोप्या डोळ्यांनी बघितलेल्या. तरी रात्रंदिवस तेच. ती भिंत चाटून जे सोसत होती तेच मी भजी खाऊन सोसायला लागलो.

चौदाव्या दिवशी मी डॉक्टरांच्या घरी गेलो. दुपारची जेवायची वेळ होती, ते पाटावर बसले होते, त्यांची बायको वाढत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. मुदखेड, भजी, चिवडा, तीन महिन्यांचं सोंग. म्हणालो, "साहेब, मी मोडलं. माझ्यामुळे गेली ती."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"नवस मोडलाच न्हाई," म्हणाले.

"साहेब, मी खाल्लं म्हणतोय ना!"

"तू खाल्लंस. तू खानार हे मला त्याच दिवशी ठावं होतं. सात वर्सं बघून राहिलोय तुला. उपासाच्या दिवशी दवाखान्यात ग्लुकोजची पुडी कोन फोडतं, ते कळत न्हाई का मला? तुझ्या भरवशावर त्या बाईला ठेवनार होतो का म्या? घरी आलो आन देवापुढं म्हनलं, मी बी घेतला. आपनहून."

मला आधी कळलंच नाही. मी त्यांच्या बायकोकडे बघितलं. ती बाई सात वर्षांत माझ्याशी चार शब्द बोलली नसेल. हातातली पळी तशीच धरून, नवऱ्यावर डोळे काढून म्हणाली, "तीन म्हैने झाले, दोन दोन भाज्या करून राहिले मी. एक ह्यांची अळनी. काऊन म्हनून विचारलं तर मलाच वरडतेत."

मी उंबऱ्यावर बसलो. "मग ती गेली कशी?" माझ्या तोंडून निघालं.

"सरतानानं गेली. कुनी मीठ खाल्लं म्हनून न्हाई, कुनी न्हाई खाल्लं म्हनून बी न्हाई. नवस पाळला होता, तरी गेली. आता तुला दोष घ्यायला जागा न्हाई. ऊठ, हात धुवून ये. जेवला न्हाईस तू."

मी हात धुतले. त्यांच्या शेजारी पाट मांडला. त्यांच्या बायकोने मला भाजी वाढली आणि त्यांच्या ताटात वेगळ्या भांड्यातली अळणी वाढायला लागली. डॉक्टरांनी ताटावर हात आडवा धरला.

"नक्को. गाठ जिरेपर्यंत म्हनली होती ती," ते म्हणाले. "जिरली आता. मीठ वाढ."